सपत्नीक सत्कार

माझी आई बावीस वर्षं अध्यक्षांची बायको होती. अध्यक्ष म्हणजे देशाचे नव्हेत, आमच्या वस्तीतल्या हातमाग विणकरांच्या सोसायटीचे. पण रुबाबात बाबा कुठे कमी नव्हते. खुर्ची त्यांची, माईक त्यांचा, हारही त्यांचाच. आईला सगळे अध्यक्षीणबाई म्हणत, आणि त्या पदाचं काम एवढंच की सत्काराच्या वेळी बाबांच्या अर्धं पाऊल मागे उभं राहायचं, साडी-नारळ पदरात घ्यायचं आणि मुकाट खाली बसायचं. सत्काराला उत्तर बाबा देत. तिच्या वाटच्या सत्कारालाही तेच देत.

खरं काम तिनं स्वतःहून अंगावर घेतलं होतं. विणकरांच्या सुना माग सोडून बुटीबोरीच्या कारखान्यांत जायला लागल्या, तेव्हा त्यांची लेकरं कुणी सांभाळायची हा विषय सोसायटीच्या एकाही बैठकीत निघाला नाही. आईनं सोसायटीची बंद पडलेली मागांची खोली झाडून काढली, जुन्या मागांच्या लाकडांना झोळ्या बांधल्या आणि पाळणाघर सुरू केलं. कंपनीची बस सकाळी सातला यायची, त्याआधी आई कुलूप काढून बसलेली असे. कुणाला ताप भरला की लेकरू कडेवर घेऊन रामदासपेठेतल्या दवाखान्यात तीच धावायची. खोलीची किल्ली कायम तिच्या कमरेला असे.

गेल्या वर्षी बाबा पायउतार झाले. सोसायटीनं सपत्नीक सत्कार ठरवला आणि मानपत्र लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी कॉलेजात मराठी शिकवते. हुडकेश्वरच्या माझ्या घरी बसून मी बाबांवर दीड पान लिहिलं. आईवर एक ओळ लिहिली: 'या कार्यात त्यांना सुविद्य पत्नीची मोलाची साथ लाभली.' आई चौथी शिकलेली. सगळ्याच मानपत्रांत पत्नी सुविद्य असते, म्हणून माझ्याही हातून तो शब्द पडला. आज आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत द्यावीशी वाटते.

कार्यक्रमात मानपत्र वाचून झालं आणि बाबांच्या जागी आलेले नवे अध्यक्ष बोलायला उठले. "मागाच्या खोलीचं आता सभागृह करून राहिलो आपण," ते म्हणाले. "नाव साहेबांचंच देऊ. साहेबांनी जाता जाता ठरावावर सही बी केली."

टाळ्या पडल्या. आईनं बाबांकडे पाहिलं, तर बाबा हारातलं एक फूल कुस्करत बसले होते. म्हणजे घरात, एका ताटलीतली भाकरी मोडताना, त्यांनी तिला हे सांगितलंच नव्हतं! मला पहिल्या रांगेत बसवत नव्हतं. त्या लेकरांनी सोमवारी जायचं कुठं?

मग आईच्या हातात साडी दिली. तिनं ती पदरात घेतली नाही. तिथंच उलगडली आणि उलटी केली. मागच्या बाजूनं कापलेले धागे लोंबत होते. हातमागाच्या सोसायटीनं, विणकराच्या पोटी जन्मलेल्या बाईला, मशीनची साडी आणली होती. आणि समोरची अख्खी सभा विणकरांची.

"मशीनची हाय," आई म्हणाली. माईक नव्हता, तरी शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं.

बाबा नेहमीसारखे उत्तराला उठले.

"तुम्ही बसा," आई म्हणाली. "माह्या सत्काराचं उत्तर आज मले देऊ द्या." मग ती नव्या अध्यक्षांकडे वळली. "किल्ली माह्यापाशी हाय. सोमवारी लेकरं येतीन. ज्याले सभागृह पाहिजे, त्यानं आधी लेकरं कुठं ठेवायची ते सांगावं."

मागे बसलेल्या सुनांपैकी एकीनं टाळी वाजवली, मग सगळ्याच वाजवू लागल्या.

रिक्षात आई माझ्या शेजारी बसली होती. मग म्हणाली, "मानपत्र तूच लिहिलं ना वं? माह्यावर एकच ओळ काहून?"

नवे अध्यक्ष, सोसायटी, बाबा, सगळ्यांवरचा माझा राग त्या प्रश्नासरशी माझ्यावरच उलटला. बाबांनी सही केली होती, पण तिला एका ओळीत मीच बसवलं होतं.

सभागृह बारगळलं, खोली वाचली. मशीनच्या साडीची आईनं झोळी बांधली. पण सभागृहासाठीची पाटी आधीच रंगवून झाली होती आणि ती वाया कशी घालवायची, म्हणून सोसायटीनं ती पाळणाघराच्याच दारावर ठोकली. तिच्यावर बाबांचं नाव आहे, आणि खाली 'माजी अध्यक्ष'. बाबा रोज सकाळी फिरायला जाताना तिथं थांबतात, मान वर करून पाटी वाचतात. आत झोळ्या हलत असतात. आत ते अजून एकदाही गेलेले नाहीत.