डिकीवरचा हात

डागकाका कुठल्याही गाडीकडे समोरून बघत नसत. बाजूला जायचं, गुडघे मोडून खाली बसायचं, मान पत्र्याच्या पातळीत आणायची आणि एक डोळा मिटून आडवं बघायचं. चाकणच्या एका कंपनीत, पेंटशॉपच्या तपासणीत त्यांची उभी हयात गेली होती. निवृत्त झाले तरी तपासणी काही सुटली नाही. शेजारच्या लग्नात नवरदेवाच्या गाडीवरचे हार बाजूला सारून त्यांनी बॉनेट तपासलं होतं. "समोरून सगळंच चकचकीत दिसतंय," म्हणायचे, "आडवं बघितलं की खरं कळतंय."

माझी त्यांची ओळख माझ्याच फजितीतून झाली. रहाटणीच्या सोसायटीत राहायला आलो त्याच वर्षी मी नवी गाडी घेतली आणि व्हिडिओ बघून पार्किंगमध्ये स्वतःच सिरॅमिक कोटिंग करायला बसलो. बाटलीतला लेप पत्र्यावर लावायचा आणि कडक व्हायच्या आत कापडाने पुसून एकसारखा करायचा, एवढंच काम. मी मध्येच फोन घेतला. बॉनेटवर तेलकट, काळपट ढग उमटले. काका न बोलावताच आले, खाली बसले आणि एकेका डागापाशी पिवळ्या टेपचा तुकडा चिकटवू लागले. सतरा तुकडे झाले. "काय करायलास रे? लेप लावलास का सारवलंस?"

मग त्यांनीच मला शिकवलं. डाग ताजा असेल तर त्यावर त्याच लेपाचा एक थेंब टाकायचा. खालचा थर सैल पडला की लगेच पुसून घ्यायचा. जुना, कडक झालेला असेल तर पॉलिश लावून मशीनने घासून काढायचा आणि तेवढ्याच जागी नवा लेप द्यायचा. घाई केली की हातावर चापट बसे. पुढे दर रविवारी सोसायटीतली एखादी गाडी आमच्यापुढे असायचीच. काम सुरू करायच्या आधी मी फोनवर तिचा फोटो काढून ठेवायचो. दुपारी ते मला वर जेवायला नेत आणि पिठलं स्वतः करत. काकू मी तिथे येण्याआधीच गेल्या होत्या. भिंतीवर त्यांचा फोटो होता. फोटोकडे बघून एकदा म्हणाले, "हिला बघायला गेलो तर मी हिच्याकडं न बघता दाराचा रंगच बघत बसलो म्हणे. जन्मभर ऐकवलं मला."

आणि एवढ्या काटेकोर माणसाच्या स्वतःच्या निळ्या गाडीवर, डिकीच्या डाव्या कोपऱ्यात, एक डाग होता. तो काकूंचा हात होता. काकांनी घरीच कोटिंग केलं त्या दिवशी काकू चहा घेऊन खाली आल्या, त्यांना चक्कर आली आणि त्यांनी ओल्या लेपावर तळवा टेकला. काका त्यांच्यावर ओरडले. दोन महिन्यांत काकू गेल्या. हात तेवढा लेपात राहिला. यातलं तेव्हा मला काहीच ठाऊक नव्हतं. मी आपला चिडवायचो, "काय काका, स्वतःचीच गाडी नापास?" ते म्हणायचे, "बघू की सवडीनं." मला वाटायचं, गुडघे दुखत असतील, मदत मागायला लाजत असतील.

मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी ते लेकीकडे लातूरला गेले. बॅटरी उतरू नये, अधूनमधून गाडी सुरू करावी म्हणून किल्ली माझ्याकडे ठेवली होती. आले की खूश होतील, असं मनाशी धरून मी एका रविवारी डिकीला मशीन लावलं. टॉर्च आडवा धरला तेव्हा चार पट्टे दिसले होते. कापडाचे असतील, असं वाटलं. बोटं होती ती. अजूनही डोळे मिटले की मला ते चार पट्टे दिसतात. दहा मिनिटांत पत्रा स्वच्छ झाला. वर मी नवा लेप दिला आणि चक्क शीळ घालत घरी गेलो.

काका परत आले ते रिक्षातून उतरून आधी पार्किंगमध्येच शिरले. नव्या डोळ्यांनी त्यांना तो हात बघायचा होता. मी हसत मागे उभा. ते डिकीपाशी बसले, उजवीकडून बघितलं, मग डावीकडून.

"तू केलंस?"

"हो काका. कसं झालंय?"

"हितं तुझ्या काकूचा हात होता रे."

चहाची, चक्कर आल्याची, ओरडल्याची सगळी हकिकत त्यांनी तिथेच बसून सांगितली. शेवटी माझाच हात धरून ते उठले. "काम चांगलं झालंय," म्हणाले. "कुठं काही राहिलं न्हाई. लेप काय, तसाबी दोन-तीन वर्षांत उतरतोच की."

त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यानंतरच्या रविवारी ते खाली आले नाहीत, आणि दिवाळीनंतर कायमचे लेकीकडे राहायला गेले.

तिथून एकदाच फोन आला. डोळे, हवापाणी, माझी शिफ्ट, सगळं बोलून झालं. मग जरा घुटमळले.

"तू काम करायच्या आधी फोटो काढतोस न्हाई का नेहमी... त्या दिवशी काढला होतास का रे?"

नव्हता काढला. तसं सांगितलं.

"बरं, बरं," काका म्हणाले. आणि जेवलास का, विचारलं.