भोरड्यांचे श्रेय ढोलाला

"टोळधाड आली, गावाने ढोल बडवला आणि टोळ पळाले." रनाळ्याजवळच्या आमच्या गावात ही कथा पारावर वर्षानुवर्षे सांगितली जाते. सांगणाऱ्यांपैकी निम्मे त्या वेळी जन्मलेही नव्हते. मी त्या दिवशी आमच्या शेतातल्या मचाणावर उभा होतो, आणि ही कथा मला मान्य नाही.

पहिल्या महायुद्धानंतरची ती वर्षे. दिवाळी होऊन गेली होती, ज्वारीची कणसे भरत होती. घराची वर्षाची भाकर तेवढीच. भोरड्या, म्हणजे ती गुलाबी-काळी पाखरे, नेहमीप्रमाणे थव्यांनी उतरल्या होत्या आणि वडील व मी गोफणीने त्यांना उठवत होतो. वडिलांसारखा नेम पंचक्रोशीत नव्हता. हे मी मुलगा म्हणून नव्हे, साक्षीदार म्हणून लिहितो.

उन्हे वर आली तसा ओढ्यापलीकडून तांबूस ढग सरकत आला आणि आमच्या ज्वारीवर बसला. पाने कुरतडल्याची करकर मचाणापर्यंत ऐकू येऊ लागली. टोळांच्या मागोमाग भोरड्याही आल्या. मी गोफण फिरवणार तोच वडिलांनी माझे मनगट धरले.

"ठेव ती खाले. आज त्या आपला पाव्हणा शेतस."

भाकरी घेऊन आलेली आई म्हणाली, "काललोंग त्यास्ले शिव्या देत व्हतात तुम्ही!"

"आज माफी मांगस."

बांधापलीकडच्या शेजाऱ्याने पत्र्याचा डबा बडवायला उचलला, तेव्हा वडील ओरडले, "डबा ठेव रे भो! पाखरे जेवी ऱ्हायनात!"

"अन् त्यास्नी जवारी खादी मंग?"

"मन्हा वावरमाईन भरी लेजो!"

नुकसान आमच्या शेतातून भरून मिळणार म्हटल्यावर शेजाऱ्याने डबा खाली ठेवला. पुढे जे घडले तसे मी आयुष्यात पुन्हा पाहिले नाही. थव्याची मागची फळी पुढच्या फळीवरून उडून पुढे उतरे, मग तिच्यावरून पुन्हा मागची. पेरणीची पाभर चालावी तसा तो थवा सरळ ओळीने शेतातून सरकत होता. टोळ चोचीत धरायचा, आपटून पंख झाडायचे आणि गिळायचा. ज्वारीच्या ओळींमध्ये पंखांचा थर साचला. इतकी शिस्तीची कापणी मी माणसांचीही पाहिलेली नाही. दुपारी उरलेसुरले टोळ उठून गेले. पाने चाळणीसारखी झाली होती. कणसे शाबूत होती.

ढोल मीही ऐकला, हे कबूल. तो सकाळपासून अखंड वाजत होता, आणि त्याच्या आवाजाने भोरड्यांचे नवनवे थवे ओढ्यापलीकडून उठून आमच्या शिवारात येत होते. पण ढोलाची बढाई मारणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे: आमच्या गावचा एकुलता एक ढोल टोळांची वार्ता लागताच, आदल्या दिवशीच, ओढ्यापलीकडच्या गावाने मागून नेला होता, आणि त्या गावात एका कणसालाही दाणा उरला नाही.