मिस वर्नेस्टीनची दुसरी साक्ष

मिस वर्नेस्टीन टॉलिव्हर नोव्हेंबरात गेल्या. आज पाच महिने झाले. लिहायला मी आत्ता बसते आहे.

पाइन ब्लफ या आमच्या गावातल्या एका शाळेच्या स्वयंपाकघरात त्यांनी एकतीस वर्षं काढली. रविवारी आमच्या माउंट नेबो चर्चचं स्वयंपाकघर. उंच, रुंद बाई, घोगरा आवाज. वजन दोनशे ऐंशी पौंड. हा आकडा दुसऱ्या कुणी काढायच्या आत त्या स्वतःच सांगत. शरीर हे देवाचं घर आहे, असं पाद्री हॅस्क्यू म्हणाले, की मागच्या बाकावरून त्या पुटपुटत, "मी त्याला दुमजली बांधून दिलंय." आख्खा बाक खुदखुदे.

पण गायनवृंदाच्या खोलीत त्या भिंतीकडे तोंड करून झगा चढवत. आरशाकडे पाठ. मी तेव्हा सोळा वर्षांची होते. "बघतेस काय, पोरी? आरसा लहान आहे. मी मावत नाही," त्या म्हणाल्या. त्या दिवशी त्यांच्या आवाजात गंमत नव्हती.

गुडघा दुखो, कान दुखो, दवाखान्यात त्यांना एकच औषध मिळे. "कान ठणकतोय म्हणून गेले, तर म्हणे बटाटे सोडा," त्या सांगत.

गेल्या वर्षी जानेवारीत चर्चने उपास धरला. बायकांनी चर्चमागच्या हॉलमध्ये मंगळवारी संध्याकाळी चालायला सुरुवात केली. चालून झालं की प्रार्थना, प्रार्थना झाली की वजनकाटा. ओझेल प्रुइट काट्यापाशी उभी राही. ही मिस वर्नेस्टीनची लहानपणापासूनची मैत्रीण. दोघींची जीभ सारखीच तिखट, दोघींचं मापही सारखंच.

"वर्नेस्टीन, बूट काढून चढ. देवाघरी लबाडी नको."

"बूट काढले तर तूच बेशुद्ध पडशील."

बाकीच्यांचं वजन दोन पौंड उतरे, तीन पौंड चढे. मिस वर्नेस्टीनचं मात्र उतरतच गेलं. बुधवारी उजाडल्यापासून शुक्रवारी दिवस मावळेपर्यंत त्या फक्त पाणी आणि पातळ सूप घेत. ईस्टरपर्यंत साठ पौंड गेले. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी उठून हात मिळवला. पाठ दुखते, असं त्यांनी सांगितलं, तर एवढं चालायची सवय नाही ना, असं उत्तर मिळालं.

ईस्टरनंतरच्या रविवारी त्यांनी साक्ष दिली, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते चर्चपुढे उभं राहून सांगितलं. तिशीत शिवलेला निळा सूट अंगात बसला होता. देवाने माझ्या अंगावरून पौंडापौंडाने ओझं उतरवलं, त्या म्हणाल्या. विश्वास पुरा असेल तर तुमचंही उतरवील. सगळं चर्च उभं राहिलं. मीही. ओझेल तर रडत टाळ्या वाजवत होती.

त्यानंतर चाळीस बायकांनी तो उपास धरला. त्याचं नावच पडलं : वर्नेस्टीनचा उपास.

जुलैत त्यांचे डोळे पिवळे झाले. मी त्यांना गाडीतून लिटल रॉकच्या मोठ्या इस्पितळात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी खुर्ची जवळ ओढली, तेव्हाच मला कळलं. स्वादुपिंडाचा कॅन्सर. "नुसत्या उपासाने एवढं वजन जात नाही," त्या म्हणाल्या. "हे बरेच महिने आत चालू असावं."

परतताना मिस वर्नेस्टीननी गाडीतला आरसा खाली केला. बराच वेळ स्वतःकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "कुणाला सांगू नकोस. मला अजून ही बारीक बाई आवडते गं. आत्ताच कळलं कोण आहे ती, तरी आवडते."

मी कुणाला सांगितलं नाही.

ऑगस्टात एका शुक्रवारी, गायनवृंदाच्या तालमीत, ओझेल गाता गाता कोसळली. तिला शुगर आहे. तिने सकाळी गोळ्या घेतल्या होत्या आणि पोटात काही घातलं नव्हतं. उपासाचा तिसरा दिवस होता. आम्ही इस्पितळात भेटायला गेलो. ओझेलने मिस वर्नेस्टीनचा हात धरला.

"काटा हलतच नाही गं. तुझ्यासारखा विश्वास कुठून आणू? आता चार दिवस करून बघते."

"आधी बरी हो," एवढंच मिस वर्नेस्टीन म्हणाल्या.

खाली गाडीत बसल्यावर त्यांनी पट्टा लावला नाही. "मी मारतेय तिला," त्या म्हणाल्या.

"मग तिला सांगा ना," मी म्हटलं. "आत्ता वर जाऊन."

"एकटीला सांगितलं तर ती माझ्यासाठी रडेल आणि उपास चालूच ठेवील. बाकीच्याही ठेवतील. चारचौघांत दिलेली साक्ष चारचौघांतच परत घ्यावी लागते."

आमच्यात साक्ष परत घेत नाहीत. देवाला वाहिलेलं परत घेतात का? मिस वर्नेस्टीन विचारायला गेल्या तेव्हा पाद्री हॅस्क्यूही हेच म्हणाले. ते वाईट नाहीत. डोळे पुसत म्हणाले, "सिस्टर, आजार सांगा. सगळे गुडघ्यावर बसू. पण साक्षीला हात लावू नका. तिच्या आधाराने चाळीस बायका उभ्या आहेत."

"उभ्या नाहीत, पास्टर. एक पडली."

सप्टेंबरात महिला रविवार होता. त्या दिवशीची उपासना बायकाच चालवतात. बाहेरची तीन चर्चं येणार होती, आणि बोलायला मिस वर्नेस्टीनच होत्या. ते महिन्यांपूर्वीच ठरलेलं. त्या माझ्याकडे कागद घेऊन आल्या.

"लिहून दे. थोडक्यात. तू साहित्य शिकलीस, उगाच फुलं लावत बसशील."

मी सहा वाक्यं लिहिली. शेवटचं होतं, तरीही देव दयाळू आहे. त्यांनी ते खोडलं.

"का?" मी विचारलं.

"आहेच तो दयाळू. पण मी ते म्हटलं की बाया तेवढंच घेऊन घरी जातील."

त्या रविवारी सगळ्या बायका पांढऱ्या कपड्यांत होत्या. मिस वर्नेस्टीनचा पांढरा पोशाख मागून पिनांनी आवळला होता. पिना मीच लावल्या होत्या. मोजल्या नाहीत. त्या उठल्या तेव्हाच टाळ्या सुरू झाल्या. त्यांनी हात वर केला. मग कागद वाचला.

"ईस्टरनंतर मी इथे सांगितलं, की देवाने माझं ओझं उतरवलं. ते खरं नव्हतं. मला कॅन्सर आहे, आणि वजन त्याने खाल्लं. तुमचं उतरलं नाही, तो तुमच्या विश्वासाचा दोष नाही. ज्यांना औषधं चालू आहेत त्यांनी आज जेवावं."

कागद संपला होता. त्या तिथेच उभ्या राहिल्या.

"मला आवडली होती ती बारीक बाई," त्या म्हणाल्या. "तिच्यासाठी मी देवाचे आभार मानले. सूट घालून घरभर फिरले. तुम्ही टाळ्या वाजवल्यात तर मला वाटलं, आता कुठे मी दिसले." त्यांचा आवाज अडला.

आमच्याकडे बोलणाऱ्याचा आवाज अडला, की कुणीतरी बाकावरून हाक देतं, सावकाश, सिस्टर, सावकाश. लहान मुलांना पहिली कविता म्हणतानाही देतात. त्या दिवशी कुणी दिली नाही. मीही दिली नाही. का, ते मला अजून सांगता येत नाही.

ओझेल उठली आणि बाजूच्या दाराने बाहेर गेली. दार आपटलं. पाद्री खाली आले आणि मिस वर्नेस्टीनचं कोपर धरून त्यांना बाकापर्यंत घेऊन गेले.

उपासना संपल्यावर हॉलमध्ये जेवण होतं. बायका वाढून घेत होत्या, मोठ्याने बोलत नव्हत्या. बाहेरच्या चर्चच्या पाहुण्या भिंतीकडच्या टेबलांवर बसल्या. मिस वर्नेस्टीनसमोर बर्फाच्या पाण्याचा पेला होता. बाजूला मी. बाकीचं टेबल रिकामं.

ओझेल आली. डोळे सुजलेले. ती बसली नाही.

"कधीपासून माहीत होतं?"

"जुलै."

"इस्पितळात माझा हात धरून बसलीस तेव्हा?"

"तेव्हाही."

"पाच महिने मी रोज सकाळी देवाला विचारते, वर्नेस्टीनमध्ये काय आहे जे माझ्यात नाही. पाच महिने!"

"ठाऊक आहे मला."

"काय ठाऊक आहे तुला? खोटारडी." बाजूच्या टेबलावरचे चमचे थांबले. "आणि आता मरायला निघालीस. तुझ्यावर धड ओरडताही येत नाही."

"ओरड की. अजून ऐकू येतं."

ओझेल वळली. मला वाटलं, घरी चालली. पण ती वाढायच्या टेबलाकडे गेली. ताटलीत तळलेला मासा, पालेभाजी आणि मक्याचा पाव घेऊन आली आणि मिस वर्नेस्टीनच्या अगदी समोर बसली.

"गोळी कधी घेतलीस?" मिस वर्नेस्टीननी विचारलं.

"दार आपटल्यावर."

"मग खा."

"सगळ्या बघतायत."

"मला एवढी वर्षं खाताना बघितलंच ना. खा."

ओझेल खाऊ लागली. रागाने, घास नीट न चावता. गालांवरून पाणी हनुवटीवर येत होतं, ते तिने पुसलं नाही. मिस वर्नेस्टीन दोन्ही हात टेबलावर ठेवून तिचा एकेक घास जाताना पाहत होत्या. अर्धी ताटली संपल्यावर ओझेल थांबली.

"मासा खारट झालाय," ती म्हणाली.

"होणारच. मी नव्हते आत," मिस वर्नेस्टीन म्हणाल्या, आणि त्यांनी आपला पाण्याचा पेला तिच्याकडे सरकवला.