मुंग्यांचं पीठ

तासगावच्या बाजूच्या त्या खेड्यात, माझ्या सासरी, रोज सकाळी मुंग्यांना पीठ घालायचं काम माझ्याकडे होतं. नवरा पलटणीत, लढाईवर. मुंग्यांच्या तोंडी पीठ पडलं की लढाईवरच्या माणसाचं आयुष्य वाढतं, असं आत्याबाईंचं, म्हणजे माझ्या सासूबाईंचं, ठाम मत. "आदी मुंग्यास्नी घाल, मग तुझ्या तोंडात घाल," म्हणायच्या. मी चडफडत जायची. पण परसातल्या लिंबापर्यंत जाणं हेच माझं बाहेर जाणं होतं, म्हणून तिथे हवं तेवढं रेंगाळायची.

लिंबाच्या बुंध्याशी काळ्या मुंगळ्यांचं बीळ होतं. त्यांची रीत मला पाठ झाली. पिठाचा कण उचलायचा, वाटेत भेटेल त्याच्या तोंडाला तोंड लावायचं, खाली मान घालून आत जायचं. मेलेल्याला लांब नेऊन टाकायचं. आभाळ भरून आलं की पांढरी अंडी उचलून कोरड्या जागी न्यायची. मोठ्या डोक्याचा एक होता, तो त्यांचा पाटील, असं मी ठरवून टाकलं होतं. कुणी बसलेलं म्हणून दिसायचं नाही. आमच्या घरात निदान मामंजी तरी बसलेले असायचे!

मी सातवीची फायनल पास झालेली. त्या थंडीत वडिलांनी साताऱ्याहून निरोप धाडला, की सांगलीला मास्तरणीच्या ट्रेनिंगला जागा मिळते आहे, जूनपासून वर्ग, फक्त सासरची संमती हवी. मामंजींनी हात झटकले. "त्येला ईचार. त्यो म्हनंल तसं." मग मीच पत्र लिहिलं. घरात लिहिता-वाचता येणारी मी एकटीच. आत्याबाईंचे आशीर्वाद लिहून झाल्यावर खाली माझ्या चार ओळी घातल्या, आणि त्या दिवसापासून पीठ मूठभर जास्त घालू लागले. लाच म्हणा हवं तर.

वैशाखात एका दुपारी वळीव पडून गेला आणि बिळातून पंखांचे मुंगळे बाहेर येऊ लागले. कामकरी त्यांना ढकलत होते. आत्याबाई दारातूनच म्हणाल्या, "मुंगीला पंख फुटलं की मराण जवळ आलं म्हनायचं." बघत होत्या माझ्याकडे.

बरेचसे उडाले, चिमण्यांनी खाल्ले. एक जाडजूड मादी मात्र संध्याकाळी माझ्या पायाशी उतरली. तिने पाय मागे घेऊन स्वतःचे पंख रेटले. एक गळला. मग दुसरा. कुणी ओढत नव्हतं, कुणी मागत नव्हतं. ती मातीत शिरली आणि आतून बिळाचं तोंड लिंपून घेतलं. मला रडू आलं. पुढे कधीतरी पुस्तकात वाचलं, की ती राणी. उडण्याचे स्नायू जिरवून त्यावर पहिली पोरं वाढवते आणि जन्मभर बाहेर पडत नाही. राणी म्हणे!

चार दिवसांनी पत्र आलं. आत्याबाई उंबऱ्याशी, मामंजी ओट्यावर, मी मध्ये उभी. नवऱ्याचं अक्षर पलटणीत शिकलेलं, मोठं आणि वाकडं. खुशाली वाचली. पुढची ओळ डोळ्यांनी आधी वाचून झाली, 'तिला कुठे धाडू नका. आईला माणूस नाही. मी आल्यावर बघू.'

मी थांबले. 'कुठे धाडू नका'च्या जागी 'धाडा' म्हटलं असतं आणि पुढचं गिळलं असतं, तर दोघांपैकी कुणाला कळणार होतं? सांगली एका शब्दावर होती. जीभ उचललीसुद्धा. पण ज्या माणसासाठी रोज पीठ घालत होते, त्याच्याच तोंडी खोटं घालायचं, आणि त्याचं तिकडे काही बरंवाईट झालं तर? आत्याबाईंच्या मुंग्या माझ्याही डोक्यात शिरल्या होत्या.

लिहिलं होतं तसं वाचलं.

आत्याबाईंनी पदर डोळ्यांना लावला. "लय ग्वाड लिवलंय गं माझ्या लेकानं. परत वाच."

मी परत वाचलं. या खेपेला कागदाकडे बघावं लागलं नाही.