पोत्यातलं पीठ

माझी मुलगी आठवीत नव्या शाळेत गेली आणि तिचं बोलणंच कमी झालं. जुनी शाळा गल्लीतली होती, ही शहराच्या दुसऱ्या टोकाला. तीन महिने ती मधल्या सुट्टीत एकटीच डबा खात होती, हे मला तिच्याकडून नाही, तिच्या वर्गशिक्षिकेकडून कळलं. त्यामुळे एक दिवस तिने दप्तर टाकता टाकता "शनिवारी चार वाजता तिघी जणी येणारेत" असं सांगितलं, तेव्हा मी हातातलं काम सोडून तिच्याकडे बघतच राहिले.

"खायला काय करायचं?"

"बोबा चहा. मी सांगितलंय त्यांना, आमच्याकडे घरी करतात म्हणून."

आमच्याकडे तो कधीच केला नव्हता. पुण्याला माझ्या बहिणीकडे गेलो होतो तेव्हा ती एकदा प्यायली होती, तेवढंच. दुधाचा गार चहा आणि ग्लासच्या तळाशी वाटाण्याएवढ्या काळपट, चिवट गोळ्या. जाड नळीने ओढून घ्यायच्या आणि चावत बसायचं. पण तिच्या तोंडावरचा आनंद बघून मला नाही म्हणवेना. सात रस्ता चौकातल्या एका दुकानातून जाड नळ्या आणल्या. बाकी मोबाइलवर बघून होईल असं वाटलं.

शनिवारी दुपारी मी साबुदाणा मिक्सरमध्ये दळला, गुळाच्या पाण्यात भिजवला, गोळ्या वळल्या आणि उकळत्या पाण्यात सोडल्या. पाच मिनिटांत पातेल्यात तपकिरी लापशी झाली. एक गोळी शिल्लक राहिली नाही.

मुलगी पातेल्यात डोकावली. "दीड वाजलाय, आई." आणि ती ग्लास पुसायला लागली. रडली असती तर बरं वाटलं असतं.

साबुदाणा नाही, साबुदाण्याच्या कंदाचं कोरडं, मऊ पीठ लागतं, हे तेव्हा नीट वाचलं. ते शेजारच्या अक्कांकडे असणार, हे मला ठाऊक होतं. अक्का तेलुगू बोलणाऱ्या विणकर घरातल्या. त्या पापडात ते पीठ घालतात. त्यांचे यजमान सुताला खळ देण्याच्या कारखान्यात कामाला आहेत, मागावर चढण्याआधी सूत ताठ करतात तिथे. मी गेले तेव्हा अक्का बारशाला निघाल्या होत्या, रिक्षा दारात उभी होती.

"मागच्या खोलीत हाय की. घे लागंल तेवढं," त्या चपला घालता घालता म्हणाल्या.

मागच्या खोलीत दाराशीच एक अर्धं पोतं होतं. पांढरंशुभ्र, हाताला कणकेपेक्षा मऊ पीठ. मी पातेलं भरून घेतलं.

या वेळी जमलं. गूळ आणि पाणी खळखळ उकळू दिलं, त्यात थोडं पीठ टाकून डिंकासारखं घट्ट केलं, मग उरलेलं पीठ घालून गरम असतानाच मळायला घेतलं. गार झालं की ते फुटतं. बोटं भाजत होती, पण थांबता येत नव्हतं. मुलगी समोर बसली. आम्ही दोघींनी लांब वळ्या केल्या, सुरीने तुकडे पाडले आणि तळहातावर एकेक गोळी वळली. अर्धा तास उकळून, झाकून ठेवून, गुळाच्या पाकात सोडल्या तेव्हा त्या काचेच्या मण्यांसारख्या चमकत होत्या. तिने एक चावून बघितली.

"सेम टू सेम," ती म्हणाली आणि हसली. ते हसू मी कितीतरी दिवसांनी बघत होते.

मुली आल्या, प्यायल्या. एकीने दुसरा ग्लास मागितला. आतल्या खोलीत दार लावून त्यांचा गोंधळ चालला होता. मी बाहेर ओटा पुसत ते ऐकत होते.

साडेपाचला अक्का बारशाच्या घुगऱ्या घेऊन आल्या. ओट्यावर उरलेलं पीठ होतं. त्यांनी ते चिमटीत धरलं, बोटांवर चोळलं.

"हे कुटनं घेतलंस?"

"तुमच्या मागच्या खोलीतल्या पोत्यातनं."

"अगं, फळीवर डबा हाय की पापडाच्या पिठाचा!" त्यांनी बोटं पदराला पुसली. "पोत्यातलं कारखान्याचं हाय. खळीचं. त्यात मोरचूद घालत्यात. सुताला बुरशी लागू नये म्हणून."

मोरचूद म्हणजे विष, एवढं मलाही माहीत होतं. निळं असतं म्हणतात. पीठ तर पांढरं दिसत होतं. पण थोडंसंच मिसळलं असेल तर दिसेल का? गुळात रंग कसा कळणार?

अक्कांनी नवऱ्याला फोन लावला. एकदा, दोनदा, पाचदा. मशिनच्या आवाजात त्यांना ऐकू जात नव्हतं. माझे मिस्टर चिंचोळी एमआयडीसीत पाळीवर. तिथे कामगारांचे फोन गेटवरच ठेवून घेतात.

"मी जाऊन इचारून येते," असं म्हणत अक्का निघाल्यासुद्धा.

मागे वळले तर मुलगी दारात उभी. तिने सगळं ऐकलं होतं. मागून तिघींचं हसणं येत होतं.

"आई, सांगू नको," ती कुजबुजली. "कुणालाच काही होत नाहीये. बघ ना. त्यांच्या घरी कळलं तर सोमवारी अख्ख्या वर्गाला कळेल. प्लीज."

मी लगेच नाही म्हटलं नाही. हे आज लिहिताना लाज वाटते, पण तसंच झालं. मी घड्याळाकडे बघितलं. अक्का वीस मिनिटांत परत येतील. तोवर थांबलं तर? कदाचित काहीच नसेल. मग उगीच कशाला? तेवढ्यात आतून एकीने विचारलं, "काकू, अजून आहे का?"

तेवढं ऐकलं आणि माझे पाय हलले. मुलीला बाजूला सारून मी आत गेले. "कुणाच्या पोटात दुखतंय? मळमळतंय?" तिघी एकमेकींकडे बघायला लागल्या. मी त्यांच्या घरी एकामागून एक फोन केले आणि जे झालं ते सरळ सांगितलं. मग अक्कांना दवाखान्यातच यायचा निरोप दिला, चौघींना रिक्षात घातलं आणि जवळच्या मुलांच्या डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरांनी चौघींना तपासलं. "किती वाजता प्यायल्या?" त्यांनी विचारलं.

"सव्वाचारला."

"मोरचूद बाधण्याइतकं पोटात गेलं असतं, तर बहुतेक एव्हाना उलट्या सुरू झाल्या असत्या. तरी बसू द्या इथे दोन तास."

आईवडील येत गेले. एकीची आई माझ्या शेजारी बसली आणि तिने मुलीचा हात धरून ठेवला. दुसरीचे वडील उभ्याउभ्याच म्हणाले, "पोत्यातलं पीठ मुलांना घालताना विचारावं वाटलं नाही तुम्हाला?" "नाही वाटलं," मी म्हटलं. त्यांचं काही चुकलं नव्हतं. माझी मुलगी कोपऱ्यातल्या खुर्चीत भिंतीकडे तोंड करून बसली होती.

अक्का आल्या तेव्हा घामाने भिजल्या होत्या. कारखान्यात जाऊन, नवऱ्याला मशिनपासून ओढून बाहेर आणून त्यांनी विचारलं होतं. "मोरचूद कढईत घालत्यात, खळ शिजताना," त्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या. "पोत्यात नुसतं पीठ असतंय. पन ते खायचं न्हाय, साफ नसतंय. चूक माझी हाय, मी घाईत सांगितलं न्हाई." चूक माझी होती, हे मी तिथेच म्हटलं. त्या ऐकेनात.

डॉक्टरांनी तरी दोन तास पुरे करून घेतले. कुणालाही काही झालं नाही. रात्री तिन्ही घरी फोन करून विचारलं, सकाळी पुन्हा विचारलं. जिचे वडील रागावले होते, ती मुलगी त्यानंतर आमच्याकडे कधी आली नाही. शाळेतही ती वेगळ्या बाकावर बसायला लागली. बाकीच्या दोघी येतात.

माझी मुलगी चार दिवस माझ्याशी बोलली नाही. पाचव्या दिवशी मी कणीक मळत होते, ती पाणी प्यायला आली.

"तू आधी सांगणार नव्हतीस ना?" तिने विचारलं.

खोटं बोलता आलं असतं.

"हो," मी म्हटलं. "मिनिटभर मलाही वाटलं, गप्प बसावं."

"मला तर अजूनही वाटतं, सांगायला नको होतंस," ती म्हणाली. मग ग्लास विसळून पालथा घातला आणि पोळ्या लाटायला माझ्या शेजारी येऊन बसली.