दाजींचे हरीभाऊ

आमच्या दाजींना इंग्रजी बेताचंच येत होतं, पण एक लांबलचक इंग्रजी कथा त्यांनी वर्षानुवर्षं घरच्यांना मराठीतून ऐकवली, आणि तीही व्हिडिओ गेममधली. पडद्यावरची माणसं बोलायला लागली की दाजी टीव्हीचा आवाज बारीक करायचे आणि सगळ्यांच्या वतीनं स्वतः बोलायचे. राजाचा आवाज वेगळा, म्हातारीचा वेगळा. दरोडेखोराचा आवाज काढला की दारातलं कुत्रं उठून शेजारच्या ओसरीवर जायचं.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा. जाफराबादला एसटीत कंडक्टर होते. आवाज मूळचाच भरदार, त्यात दिवसभर गाडीच्या खडखडाटावरून बोलायची सवय. घरात त्यांची आई, माझी ताई आणि एकुलती एक लेक सायली. सायली लहान असताना दाजींच्या पुण्यातल्या चुलतभावानं गेमचं नवं मशीन घेतलं आणि जुनं यांना देऊन टाकलं. सोबत एकच गेम होता. बर्फाच्या मुलखातला एक मेंढपाळ हरवलेल्या धाकट्या भावाला शोधायला घोडीवर बसून निघतो, अशी त्याची गोष्ट. त्या मेंढपाळाचं नाव काहीतरी हॅरन की हॅरिन असं होतं. दाजी पहिल्याच दिवशी म्हणाले, "हे नाव आपल्या घरात चालायचं न्हाई. हा हरीभाऊ." झालं, तेव्हापासून तो हरीभाऊ.

दाजींचा हरीभाऊ जालना जिल्ह्यातलाच होता. बर्फात रुतलेल्या घोडीला तो म्हणायचा, "चल माय, जल्दी कर, पुढं घाट हाय." किल्ल्याच्या दारावर पहारेकरी आडवे आले की म्हणायचा, "अरे बाबा, पास हाय माझ्याकडं!" आणि पुलावर गर्दी झाली की दाजींमधला कंडक्टर न राहवून बाहेर यायचा, "पुढं सरका, पुढं लय जागा हाय!" आजी, म्हणजे दाजींच्या आई, खाटेवर बसून हे सगळं खरं मानून ऐकायच्या. एकदा मी बदनापूरहून गेलो, तर चप्पल काढायच्या आत त्यांनी सांगितलं, "हरीभाऊला ताप आल्ता. आता बरा हाय." मी आपला विचारत बसलो, कोण हरीभाऊ, कुणाकडचे.

ताई मात्र कधी समोर येऊन बसली नाही. स्वयंपाकाच्या ओट्याशी, आमच्याकडं पाठ करून भाकरी थापायची आणि "रिकामे धंदे" म्हणायची. पण हरीभाऊ अडचणीत सापडला की थापण्याचा आवाज बंद पडायचा. दाजी मला डोळा घालायचे आणि मुद्दाम गप्प राहायचे. शेवटी ताईलाच राहवायचं नाही. "अहो, मंग सुटला का न्हाई तो?"

पुढं त्या गेमचा दुसरा भाग आला, त्यात घोडी मेली. वाळवंटात तिला बाण लागतो आणि हरीभाऊ तिचं डोकं मांडीवर घेऊन बसतो. मी त्या दिवशी तिथंच होतो. सायली आधीच मुसमुसायला लागली होती. दाजींनी एकदा तिच्याकडं पाहिलं, घसा खाकरला, आणि हरीभाऊ घोडीला म्हणाला, "दमलीस ना माय? जा, चार दिवस माहेरी राहून ये."

"कुठंय तिचं माहेर?" सायलीनं विचारलं.

"कुंभार पिंपळगावला," दाजींनी बेधडक सांगितलं.

हे त्यांना पुढं चांगलंच महागात पडलं. तिसऱ्या भागात हरीभाऊ दर थोड्या वेळानं मेलेल्या घोडीच्या आठवणीनं उसासे टाकायचा, आणि दर वेळी दाजींना पिंपळगावहून तिची खुशाली आणावी लागायची. घोडीला शिंगरू झालं. शिंगरू द्वाड निघालं. त्यानं कुणाची तरी तूर खाल्ली. आमच्या घरातली गोष्ट आणि मूळची गोष्ट अशा दोन वाटा झाल्या, आणि दाजी दोन्हींवरून एकाच वेळी चालत राहिले.

सायली कॉलेजात गेली तेव्हा तिनं जुने भाग काढून स्वतः खेळून पाहिले. आता तिला इंग्रजी बराबर कळत होतं. ती तणतणत बाहेर आली. "पप्पा, घोडी मेली होती!"

दाजी जेवत होते. घासही न थांबवता म्हणाले, "मेली असंल तिकडं. आपल्याकडं न्हाई मेली."

आम्ही पोट धरून हसलो. सायली तेवढी हसली नाही. ती म्हणाली, "मला एवढी वर्षं फसवलं." दाजींनी तिच्या ताटात भाजी वाढली. "फसवलं न्हाई, सांभाळलं," म्हणाले, आणि तो विषय तिथंच मिटला.

गेमचे भाग वर्षानुवर्षांच्या अंतरानं यायचे. चौथा भाग येणार आणि तो शेवटचा असणार, ही बातमी सायलीनंच आणली. त्याच सुमारास दाजींचा आवाज बसायला लागला. ओरडून ओरडून कंडक्टरचा घसा बसतोच, असं म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. त्यांनी स्वतः तर बिलकुल नाही. तंबाखूची पुडी खिशात होतीच. मग घास गिळताना दुखायला लागलं तेव्हा संभाजीनगरला नेलं. घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी सांगितलं, जीव वाचवायचा तर स्वरयंत्र काढावं लागेल.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दुपारी मी त्यांच्यापाशी बसलो होतो. ताई औषधं आणायला खाली गेली होती. घोगऱ्या, फाटक्या आवाजात ते म्हणाले, "पाव्हणं, हे आणखी थोडं लांबलं असतं ना, तर मी हरीभाऊला घरी पोचवून आलो असतो."

त्यांच्या तोंडून मी ऐकलेलं ते शेवटचं वाक्य.  

ते घरी आले ते गळ्याला रुमाल बांधून. रुमालाखाली श्वास घेण्यासाठी केलेलं भोक. डेपोत बैठं काम मिळालं. घर मात्र एकदम मोठं वाटायला लागलं. आजी सवयीनं त्यांना काहीतरी विचारायच्या, उत्तराची वाट बघायच्या, मग आठवलं की पदर तोंडाला लावायच्या. दाजी चुटकी वाजवून, टाळी वाजवून, मोबाइलवर अक्षरं टाइप करून काम भागवत. ताई म्हणायची, "सगळं कळतं मला त्यांचं." रोज म्हणायची.

शेवटचा भाग आला. सायलीनं जालन्याहून तो आणला, आणि टीव्हीखालच्या कप्प्यात तो तसाच पडून राहिला. दाजी तिकडं बघायचेही नाहीत. आम्हीही कुणी विषय काढला नाही. मग एका रविवारी त्यांनी स्वतःच मशीन सुरू केलं, रिमोट हातात घेतला, सायलीला मनगटाला धरून शेजारी बसवलं आणि तिच्या तोंडाकडं बोट केलं.

"मला न्हाई जमणार, पप्पा."

दाजींनी टीव्हीचा आवाज बंद केला.

ती बोलायला लागली. पहिल्यांदा अगदी शाळेतल्यासारखं, "हरीभाऊ असं म्हणतो की, मी उत्तरेकडे जाणार आहे." आजी खाटेवरून म्हणाल्या, "हा हरीभाऊ न्हाई. हा कुणीतरी साहेब हाय." दाजींचे खांदे गदागदा हलले. हसताना त्यांचा आवाज येत नाही, हे तेव्हा आमच्या लक्षात आलं. हळूहळू सायली सैल झाली. बोलता बोलता तिच्या तोंडी बापाचे शब्द यायला लागले. हरीभाऊ पुन्हा "लय", "जल्दी", "बराबर" म्हणायला लागला. ताईनं ओट्यापाशी उभ्या उभ्या डोळे पुसले आणि आम्हाला सांगितलं की कांदा चिरून राह्यले.

हरीभाऊची गोष्ट संपणार त्या दिवशी मी मुद्दाम गेलो होतो. हरीभाऊला अखेर भाऊ सापडला. भावाचं घर होतं, बायको होती, दोन लेकरं होती. एवढा रानोमाळ भटकून आलेला माणूस दारात उभा, आणि भाऊ त्याला ओळखेना. त्यात मागून दरोडेखोर आले. भावाचं कुटुंब नदीपार होईपर्यंत कुणीतरी पूल अडवून धरायला हवा होता. हरीभाऊ थांबला. पलीकडच्या काठावर पोचल्यावर भावाला एकदम ओळख पटली. त्यानं लहानपणीच्या नावानं हाक मारली. हरीभाऊनं मान वळवली, हसला, आणि तिथंच पडला.

सायली हाकेपर्यंत सांगत आली आणि थांबली. पडद्यावर बर्फ पडत होता. आजी पुढं वाकल्या होत्या. ताईनं पीठ लागलेले हात तसेच धरले होते, आणि पहिल्यांदाच ती टीव्हीकडं तोंड करून उभी होती. सायलीनं वडिलांकडं पाहिलं. "पप्पा, सांगू?"

 दाजींनी मान डोलावली. सांग.

"हरीभाऊ गेला, आजी," सायली म्हणाली.

 आजी नातीला म्हणाल्या, "तुझ्या बापाला आवाज असता, तर त्यानं जाऊ दिलं नसतं."

दाजी उठले आणि मोरीकडं गेले. नळ बराच वेळ चालू होता.

चहा झाल्यावर दाजी आणि मी बाहेरच्या ओट्यावर बसलो. मी म्हणालो, मला हा शेवट पटला नाही. दाजींनी मोबाइल काढून लिहिलं, "मला पण न्हाई. घाई केली. एवढी वर्षं हिंडवलं, अन् मरायला दोन मिनिटं." मी वाचून मान डोलावली. तेवढ्यात त्यांनी मोबाइल परत घेतला, पुन्हा लिहिलं. "पण हाक बराबर होती. हाक ऐकून गेला. तेवढं चांगलं केलं." मी म्हणालो, मग त्याला वाचवलं असतं तर काय बिघडलं असतं? त्यावर त्यांनी लिहिलं, खोडलं. शेवटी दाखवलं ते एवढंच, "किती वाचवायचं? पोरगी मोठी झाली."

मी तो शेवट पुढं मनात पुष्कळदा बदलून पाहिला. हरीभाऊला नदीपार नेलं, भावाच्या अंगणात बसवलं, जेवू घातलं. पण मग ती हाक कुठं बसवावी ते कळेना. आजही तो शेवट मला सहन होत नाही, आणि दुसरा सुचतही नाही.

दाजींचा आजार पुन्हा उलटला. या वेळी फुप्फुसात. कपाशी वेचणीच्या दिवसांत ते गेले. डेपोतले सगळे आले होते. ड्रायव्हर मंडळी जुन्या गमती सांगत होती, दाजी कुठल्या थांब्यावर काय ओरडायचे, कोण प्रवासी कसा हसायचा. सायली सगळ्यांचं ऐकून घेत होती. एकानं दाजींची नक्कल करायला सुरुवात केली, तशी ती उठून आत गेली. नक्कल चांगली होती, हेच वाईट झालं.

परवा मी जाफराबादला गेलो होतो. सायली आता जालन्याला नोकरी करते, सुट्टीला आली होती. मोबाइल बघता बघता म्हणाली, "मामा, ते गेमवाले आणखी एक भाग काढून राह्यलेत. शेवटचा म्हणाले होते ना? आता म्हणतात, नवीन नायक घेऊन पुन्हा सुरू करणार."

मला आधी आनंद झाला आणि लगेच राग आला. संपवलं होतं ना एकदा? मी काही म्हणायच्या आत ताई आतून आली. तिनं ऐकलं होतं. वर्षश्राद्धाच्या आत कुणाकडं लग्न निघालं की बायका ज्या आवाजात विचारतात, त्या आवाजात तिनं विचारलं,

"एवढ्या जल्दी?"