शेपूट अकरा इंच

माझे काका शिंपी आहेत आणि त्यांना जगात एकच गोष्ट नीट दिसते, ती म्हणजे माप. माणसाचा चेहरा आठवड्यात विसरतील, पण त्याचा खांदा साडेसतरा आहे हे वीस वर्षं लक्षात ठेवतील. माझ्या होणाऱ्या नवऱ्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला बाजूला घेऊन म्हणाले, "डावा खांदा जरा उतरता आहे गं. बाकी चांगला वाटतो."

त्यांच्या मापवहीत गिऱ्हाइकांची नावं आणि पत्ते असतात. माझ्या पानावर नुसतं 'घरची' असं लिहिलंय. काकूच्याही पानावर तेच आहे. काकू गेली, पान राहिलं. तेव्हापासून ते दुकानामागच्या खोलीत एकटे असतात.

अगदी एकटे नाही म्हणा. एक मांजर आहे. पाळलेली वगैरे नाही, दिवसरात्र बाहेर उंडारणारी. पण सकाळी काका मशीनवर बसले की पाच मिनिटांत मागच्या खिडकीतून उडी मारून यायची आणि मशीनच्या फळीवर ऐसपैस बसायची. काकांनी तिला नाव ठेवलं नाही की कधी हाक मारली नाही. वहीत मात्र तिचं पान आहे: 'मांजर, मागची खिडकी'. एका थंडीत त्यांनी तिला चिंध्यांचं जाकीट शिवलं होतं, त्याची मापं. जाकीट तिनं चार मिनिटं अंगावर ठेवलं.

काकांचे गुडघे सत्तरीत कुरकुरायला लागले, म्हणून मी सोमवारी त्यांच्या मशीनला मोटर बसवून दिली. त्यांना न विचारता. मला असली कामं विचारून करायची सवय नाही.

"बघा, आवाजसुद्धा नाही," मी फुशारकी मारली.

शुक्रवारी त्यांचा फोन आला. "ती चार दिवस आली नाही."

"कोण?"

"अगं, ती!" आवाज असा होता की मी ऑफिसातून तशीच उठले.

दुकानात पोचले तर काकांनी आसपासच्या सगळ्या भिंतींवर चिठ्ठ्या डकवल्या होत्या. 'मांजर हरवली आहे. उंची साडेनऊ. छाती तेरा. लांबी सतरा. शेपूट अकरा. उजवा कान अर्धा इंच कमी.'

मी कपाळाला हात लावला. "काका, रंग कुठाय?"

"रंग मापात कुठे येतो?"

"लोक काय टेप घेऊन मांजरींच्या मागे धावणार आहेत?"

ते स्टुलावर बसून राहिले. मग हळूच म्हणाले, "दिवसातनं तिच्याशीच काय ते बोलतो गं मी."

दुपारी चिठ्ठीखालचा नंबर बघून लाकडाच्या वखारीतून एका बाईंचा फोन आला. "अहो, कानतुटकी एक मांजर आमच्या फळ्यांच्या थप्पीमागे दडून बसलीय. शेपूट मोजायला गेले तर बोचकारलं मला!"

आम्ही धावत गेलो. फटीतून राखाडी पाठ दिसली. तीच होती. पण बाहेर येईना. मी नाना आवाज काढले. काका वाकून "या, या" करत राहिले, जणू गिऱ्हाईक दारात आलंय. ती आणखी आत सरकली.

काका सावकाश उभे राहिले. "ती माझ्या हाकेला येणार कशी? मी कधी मारलीच नाही. ती मशीनच्या खडखडीला यायची."

खडखड मीच बंद केली होती. मी बोलणी खायला तयार होते, पण ते एवढंच म्हणाले, "इस्त्रीवाल्याची हातगाडी माग."

दुकानात परतून मोटर सोडवली, जुना चामड्याचा पट्टा चढवला आणि मशीन गाडीवर दोरीनं बांधून वखारीत नेलं. काका गाडीवर स्टूल टाकून बसले आणि पाय मारू लागले. दोरा नाही, कापड नाही. बघ्यांची ही गर्दी जमली. पाच मिनिटं झाली, दहा झाली. काकांचा चेहरा गुडघ्यांच्या कळांनी पिळवटला.

"काका, पुरे."

"थांब जरा. घाबरलीय ती."

मग थप्पीमागून आधी तो तुटका कान आला. अंगभर भुसा घेऊन ती गाडीवर चढली आणि फळीवर नेहमीच्या जागी बसली. काकांनी पाय थांबवले नाहीत. "मला वाटलं, गेलीस तू," ते तिला म्हणाले आणि सगळ्यांसमोर रडले. मीही रडले.

मशीन थांबलं तर ती पळेल, या भीतीनं आम्ही घरी परतलो तेही तसेच. पुढे इस्त्रीवाला ओढतोय, मागून मी ढकलतेय आणि वर काका भर रस्त्यातून मशीन चालवताहेत. लाज कुठल्या कुठे पळाली होती.

खोलीत आल्यावर मी म्हटलं, "मोटर परत देऊन टाकते."

"राहू दे. रोज पाच मिनिटं पायानं चालवीन. ती आली की मग तुझी मोटर."

त्यांनी टेप काढला. छाती बारा भरली, एक इंच कमी. वहीतलं तिचं पान उघडून त्यांनी तेराचे बारा केले. मग चष्मा पुसला, 'मागची खिडकी' हे शब्द खोडले आणि तिथे 'घरची' असं लिहिलं.